देवघर, दर्गा आणि दवाखाना

रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळताना मी रुग्णाला काही ठरलेले प्रश्न विचारतो. भूक लागते का, पोट साफ होते का, झोप कशी आहे, तंबाखू किती खाता. या प्रश्नांची उत्तरे लोक तयार ठेवूनच येतात. गेल्या काही वर्षांपासून मी त्यात एका प्रश्नाची भर घातली आहे. ‘तुमचं मन कुठं रमतं?’ हा प्रश्न आला की समोरचा माणूस थबकतो. कोणी नुसताच हसतो, कोणी ‘कुठंच नाही लागून राहिलं साहेब’ म्हणतो, एखादी बाई डोळ्याला पदर लावते. याचा रक्तदाबाशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध आहे, आणि आजचा लेख त्याविषयीच आहे.

आत्मिक स्वास्थ्य हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोन टोकाची मते ऐकू येतात. एक वर्ग म्हणतो, हे बुवा-महाराजांचे क्षेत्र आहे, डॉक्टरांनी आपल्या गोळ्या द्याव्यात. दुसरा वर्ग म्हणतो, सगळे रोग मनातूनच येतात, नामस्मरण करा आणि गोळ्या फेकून द्या. या दोघांचेही ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १९४८ सालची आरोग्याची व्याख्या सर्वांना ठाऊक आहे. शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य म्हणजे आरोग्य, केवळ रोग नसणे म्हणजे आरोग्य नव्हे, असा तिचा आशय. पुढे १९८४ साली याच संघटनेच्या सभेने ठराव करून आरोग्याला आत्मिक अंगही असते, हे मान्य केले. ते व्याख्येतच घालावे असा प्रस्ताव १९९९ साली सभेपुढे आला होता, परंतु व्याख्या बदलली गेली नाही. एकशे नव्वदच्या आसपास देशांना पटेल अशी ‘आत्मिक’ या शब्दाची मांडणी करणे सोपे काम नाही, हे आपण समजू शकतो.

मी मात्र जनरल प्रॅक्टिशनर आहे. मला केसपेपरवर लिहिता येईल इतपत साधी व्याख्या हवी. माझ्यापुरती ती अशी आहे: सकाळी उठावेसे वाटायला काही कारण असणे, दिवसातून थोडा वेळ स्वतःजवळ शांत बसता येणे, आणि आपल्यासारख्या नसलेल्या माणसाजवळही सहजपणे बसता येणे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी लोकांना लगेच पटतात. तिसरी इथे कशाला आली, असे विचारतात. लेखाच्या ओघात ते स्पष्ट होईल.

श्वासाचे गणित

निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. चिंता, राग, घाई यांत हा आकडा वाढतो आणि श्वास उथळ होतो. इटलीतील लुचियानो बर्नार्डी या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. तो २००१ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. त्यांनी २३ निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या. एक होती रोमन कॅथलिकांची माळेवरची ‘आवे मारिया’ ही लॅटिन प्रार्थना आणि दुसरा ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा तिबेटी बौद्धांचा मंत्र. म्हणत असताना त्यांचा श्वास, नाडी आणि रक्तदाब यांची नोंद केली. दोन्ही वेळी श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला.

सहा श्वासांचे महत्त्व काय? आपल्या मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयाजवळच्या महारोहिणीत रक्तदाबावर पहारा ठेवणारी चेतातंतूंची टोके असतात. दाब वाढला की ती मेंदूला वर्दी देतात आणि मेंदू हृदयाची गती उतरवतो. सतत तणावात असलेल्या माणसाचा हा पहारेकरी सुस्त होतो. श्वास मिनिटाला सहाच्या लयीत आला की तो पुन्हा तत्पर होतो, असे या प्रयोगात दिसले.

भाषा वेगळी, अर्थ वेगळा, श्रद्धेचा विषय वेगळा. छातीच्या भात्याला मात्र हा फरक कळला नाही! आपल्याकडे जपमाळेत १०८ मणी, तसबीहमध्ये ९९ किंवा ३३, ख्रिस्ती बांधवांच्या रोझरीत दहा-दहा मण्यांचे पाच गट. हरिपाठ असो, बुद्धवंदना असो, णमोकार मंत्र असो, सावकाश आणि लयीत म्हटले तर श्वास लांबतोच. ‘सावकाश’ या शब्दाखाली मी रेघ ओढतो. गणपतीत पाच आरत्या चार मिनिटांत उरकून मोदकांकडे वळणाऱ्या मंडळींना हा लाभ मिळणार नाही.

ज्यांची देवावर श्रद्धा नाही, अशा वाचकांनी निराश होण्याचे कारण नाही. हार्वर्ड विद्यापीठातील डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ या पुस्तकात दाखवले, की कोणताही एक साधा शब्द शांत बसून पुनःपुन्हा म्हटला आणि मध्ये आलेल्या विचारांशी भांडत बसले नाही, तरी शरीर असेच सैल पडते. शब्द ‘एक’ असला तरी चालतो.

या ठिकाणी एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. २३ माणसांचा प्रयोग हा लहान प्रयोग होय. त्यात प्रार्थना चालू असतानाचा परिणाम मोजला होता, रोग बरा झाल्याचा दावा नव्हता. तेव्हा जप सुरू केला म्हणून बीपीची गोळी बंद, हा हिशेब कोणीही करू नये. याचा सर्वांत चांगला दाखला आपल्या नागपूरपासून अवघ्या पाऊणशे किलोमीटरवर आहे.

बापूंचा रक्तदाब

महात्मा गांधी १९३६ च्या एप्रिलअखेर वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. पुढे या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्यांचा दिनक्रम म्हणजे स्वतःची निगा राखण्याचा एक धडाच होता. पहाटे उठणे, सकाळ-संध्याकाळ फिरणे, मोजका आहार, दुपारची थोडी झोप, मातीच्या पट्ट्या, सोमवारी मौन. दिवसातून दोनदा प्रार्थना, तीही उघड्या आकाशाखाली. अशा माणसाचा रक्तदाब उत्तम असणार, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात १९३७ च्या ऑक्टोबरात तो १९४/१३० भरला होता आणि १९४० च्या फेब्रुवारीत २२०/११०! हे आकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१९ साली गांधीजींच्या आरोग्याच्या नोंदींचे पुस्तक काढले, त्यानिमित्ताने सर्वांसमोर आले. आज असा आकडा माझ्या दवाखान्यात दिसला तर मी रुग्णाला थेट मेडिकलला पाठवीन. गांधीजींनी मौन पाळले, प्रार्थना चालू ठेवली, आणि सर्पगंधाही घेतली. त्या काळी रक्तदाबावर उपयोगी पडेल असे हाताशी असलेले औषध तेच होते.

प्रार्थनेने आजार टळतोच असे नाही. आजार घेऊन कसे जगावे, एवढे मात्र तिने साधते. १९४० मध्ये २२० रक्तदाब असलेला हा सत्तरीतला गृहस्थ त्यानंतर आठ वर्षे काय काय करत होता, हे मी सांगायला नको.

सेवाग्रामची प्रार्थना मुद्दाम जाऊन ऐकण्यासारखी आहे. ती आजही सकाळ-संध्याकाळ होते. तिच्या सुरुवातीला जपानी बौद्धांचा मंत्र असतो. तो आश्रमात राहिलेल्या जपानी भिक्षूमुळे आला. मग दोन मिनिटे शांतता, ईशोपनिषदातला श्लोक, एकादश व्रते, कुराणातली प्रार्थना, पारशांची प्रार्थना, भजन. यांतली प्रत्येक गोष्ट कोण्या ना कोण्या माणसाबरोबर आली आहे. पारशी प्रार्थना डॉ. गिल्डर यांच्याकडून आली. ते आगाखान पॅलेसच्या बंदिवासात गांधीजींबरोबर होते. माणूस घरात आला की त्याची प्रार्थनाही आत येत होती. पाहुण्याला ओसरीवर बसवून पाणी द्यायचे आणि त्याचा देव मात्र फाटकाबाहेर ठेवायचा, असा प्रकार तेथे नव्हता.

परचुरे शास्त्रींची हकिगत डॉक्टर म्हणून मला फार महत्त्वाची वाटते. हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांना कुष्ठरोग झाला. त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नव्हते आणि लोक सावलीलाही उभे राहू देत नसत. १९३९ साली ते सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना शेजारीच झोपडी बांधून दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे मालीश केले. शास्त्रीबुवांचे अखेरचे दिवस वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या कुष्ठधामात गेले. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली ते सुरू केले होते. आज बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर लवकरच त्याची लागणही थांबते. तरीसुद्धा बऱ्या झालेल्या रुग्णाच्या हातचा चहा न घेणारी सुशिक्षित कुटुंबे मी पाहतो. औषधाने जंतू मरतात, पण ‘मला कोणी शिवत नाही’ ही जखम औषधाने भरत नाही. ती शेजारी बसणाऱ्या माणसानेच भरते.

ताजबागची वाट आणि पागलखाना

आपल्या नागपुरात या विषयाचा विचार ताजुद्दीन बाबांना वगळून करता येत नाही. बाबांचा जन्म १८६१ सालचा, कामठीचा. तरुणपणी त्यांनी फौजेत नोकरी केली, मग ती सोडली. लोकांना त्यांचे वागणे विचित्र वाटू लागले आणि १८९२ साली त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल करण्यात आले. हे इस्पितळ १८६४ पासूनचे, म्हणजे आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय. बाबा तेथे सुमारे सोळा वर्षे होते. त्यांच्या दर्शनाला तेथेच गर्दी होऊ लागली. शेवटी १९०८ साली राजे रघुजीराव भोसले यांनी जामीन राहून त्यांना सोडवले आणि शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात मानाने ठेवून घेतले. १९२५ साली बाबांचे देहावसान झाले. उमरेड रोडवरच्या ताजबागेत आज चादर चढवायला कोण येत नाही ते विचारा! माझ्या रुग्णांत गुरुवारी दत्ताला आणि शुक्रवारी ताजबागला जाणारी कुटुंबे आहेत, आणि त्यांना यात काही विसंगत वाटत नाही.

बाबांना मनोविकार होता की नव्हता, यावर शंभर वर्षांनंतर निदान करण्याचा उद्योग मी करणार नाही. नाडी न पाहता निदान करू नये, असे आम्हाला शिकवलेले आहे. एका हिंदू राजाने एका मुसलमान फकिराला पागलखान्यातून वाड्यात आणले आणि शहराला त्यात वावगे वाटले नाही, ही या गावची कमाई आहे. ती सांभाळली पाहिजे.

मात्र याच कथेचा एक चुकीचा अर्थ लोक काढतात, आणि त्याची किंमत तरुण मुले मोजतात. वीस-बावीस वर्षांचा मुलगा एकटाच बडबडतो, कानात आवाज येतात म्हणतो, आईने दिलेल्या जेवणात विष आहे म्हणतो. घरचे लोक त्याला आधी भगताकडे नेतात, मग कोणी दर्गा सांगतो, कोणी बालाजी सांगतो. गंडे-ताईत होतात, अंगारे होतात. माझ्याकडे येईपर्यंत दोन वर्षे गेलेली असतात. ‘बाबाले बी लोकं पागलच म्हणत होते न साहेब,’ असे एका आईने मला ऐकवले होते. तिच्या श्रद्धेला मी धक्का लावला नाही. मी म्हणालो, ‘माय, दर गुरुवारी जा, मी नाही म्हणत नाही. पण रोज रात्री ही गोळी चुकवू नको.’ त्या मुलाला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. आज तो भावाच्या दुकानात बसतो. गोळी चालूच आहे.

या आजारात उपचार जितके लवकर सुरू होतील तितका मुलगा अधिक सावरतो. दोन वर्षे म्हणूनच फार महाग पडतात. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली. दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या तेथील एका खासगी निवासात मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवलेले होते. त्यांना पळता आले नाही. २५ हून अधिक माणसे जळून मेली. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास सक्त मनाई आहे, घरी बांधा की देवस्थानात बांधा. याउलट गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून वेगळी वाट निघाली. दर्ग्याचे मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ एकाच आवारात बसू लागले, मुजावर दुवा देतात आणि रुग्णाला पलीकडच्या खोलीत डॉक्टरांकडे पाठवतात. ‘दवा और दुआ’ असेच त्या उपक्रमाचे नाव आहे. असे काम विदर्भातल्या प्रत्येक मोठ्या देवस्थानात व्हावे, असे मला मनापासून वाटते. आपल्या वाचकांत देवस्थानांचे विश्वस्त असतील तर त्यांनी यावर जरूर विचार करावा.

कुलूपबंद खोली

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे येतो. माझे एक रुग्ण आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले. ओळख लपवण्यासाठी काही तपशील बदलून लिहितो. देवपूजा रोज दोन तास, व्यसन नाही, सकाळचे फिरणे चुकत नाही. तरीही रक्तदाबाच्या तीन गोळ्या घेऊन आकडा १६० च्या खाली येईना. झोप तीन-चार तास. त्यांनी स्वतः कधी काही सांगितले नाही. एकदा त्यांच्या पत्नी सोबत आल्या तेव्हा कळले, की मुलीने दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न केले आणि तीन वर्षांपासून घरात तिचे नावही काढायचे नाही. नातू झाला, तोही पाहिलेला नाही.

मी त्यांना उपदेश केला नाही. घरचा प्रश्न सोडवणे हे माझे काम नाही, आणि बापाच्या मनाला काय लागले असेल हे बापालाच ठाऊक. मी एवढेच विचारले, ‘काका, पूजेच्या दोन तासांत मुलगी कितीदा आठवते?’ ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पूजेतच जास्त आठवते.’ मनातल्या एका खोलीला कुलूप लावून तिच्यासमोर दिवसभर पहारा द्यायचा, याला किती शक्ती लागत असेल याचा वाचकांनीच विचार करावा. दोन महिन्यांनी त्यांनी रविवारी मुलीला फोन करायला सुरुवात केली. पाच मिनिटे, तेही हवापाण्याचेच बोलणे. सहा महिन्यांनी रक्तदाब १४० च्या आसपास स्थिरावला. पण त्याच काळात त्यांनी लोणचे-पापड सोडले होते आणि मी एक गोळी बदलली होती, म्हणून सगळे श्रेय फोनला देणे शास्त्राला धरून होणार नाही. झोप मात्र लागू लागली, असे ते स्वतः सांगतात. जावयाच्या घरी अजून गेलेले नाहीत.

अमेरिकेतील ज्युलियान होल्ट-लुनस्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत मिळून तीन लाखांवर माणसे होती. ज्यांचे माणसांशी संबंध दृढ होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. हा परिणाम सिगारेट सोडण्याच्या तोडीचा आहे, असे त्यांचे म्हणणे. मी यात माझ्या अनुभवाची एक पुस्ती जोडतो. जो माणूस आयुष्यभर आपल्याच जातीच्या, आपल्याच वयाच्या, आपल्याच विचारांच्या चार लोकांत उठतो-बसतो, त्याचे वर्तुळ साठीनंतर दरवर्षी लहान होत जाते. एक मित्र जातो, दुसरा मुलाकडे पुण्याला जातो, तिसऱ्याचे गुडघे जातात. ज्याने परका माणूस ओळखीचा करण्याची सवय लावून घेतली आहे, त्याला सत्तराव्या वर्षीही नवा सोबती मिळतो. फुटाळ्यावर संध्याकाळी फिरणाऱ्यांत हे सहज दिसते. तेव्हा वेगळ्या माणसाचे स्वागत करणे म्हणजे त्याच्यावर उपकार करणे नव्हे. ती आपल्या म्हातारपणाची तरतूद आहे.

अपमान हाही आरोग्याचाच विषय आहे. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, त्याचे सामाजिक आणि राजकीय अर्थ पुष्कळांनी लिहिले आहेत. मला त्यात एका पिढीचा ताठ झालेला कणाही दिसतो. ज्या वृद्ध रुग्णांनी तो दिवस लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला, त्यांना त्याविषयी विचारून पाहावे. गुडघेदुखीची तक्रार सांगायला आलेला माणूस सरळ होऊन बसतो.

बौद्ध परंपरेतील मैत्रीभावना ही साधना मला डॉक्टर म्हणून फार उपयोगी वाटते, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. शांत बसून प्रथम स्वतःसाठी इच्छा करायची, की मी सुखी असो, निर्वैर असो. मग आपल्या प्रिय माणसासाठी तेच. मग ज्याच्याशी आपले घेणे नाही, देणे नाही अशा माणसासाठी, समजा रोजच्या भाजीवाल्यासाठी. आणि शेवटी ज्याचे तोंडही पाहू नये वाटते त्याच्यासाठी. क्रम पाहण्यासारखा आहे. सुरुवात स्वतःपासून आहे. आपल्या घरातल्या बायकांना हे मी आवर्जून सांगतो, कारण त्या सगळ्यांसाठी उपास करतात, सगळ्यांसाठी नवस बोलतात आणि स्वतःचे हिमोग्लोबिन सातवर येईपर्यंत दवाखान्यात येत नाहीत. शेवटची पायरी पहिल्या दिवशी जमणार नाही, ती जमवण्याचा हट्टही करू नये. रात्री अंथरुणावर पडण्यापूर्वी दहा मिनिटे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, एवढे पुरे आहे. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, जैन, नास्तिक, कोणाच्याही श्रद्धेला यात अडचण येत नाही.

वैराग्य की नैराश्य?

‘आमचे बाबा आजकाल फार विरक्त झाले हो, कशातच लक्ष नाही, नुसते देवाजवळ बसून असतात,’ असे मुले कौतुकाने सांगतात तेव्हा मी सावध होतो. विरक्त माणूस जेवतो, झोपतो, नातवाच्या खोडीवर हसतो. ज्याची भूक गेली, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, वजन उतरले, आवडीच्या भजनातही मन लागत नाही, ‘आता देवाने उचलावं’ असे जो वारंवार म्हणतो, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले आहे, त्याला वैराग्य नव्हे, नैराश्याचा आजार झालेला असण्याचा संभव आहे. त्यावर चांगली औषधे आहेत. मरणाचे बोलणे ऐकले तर ‘असं काय बोलता’ म्हणून विषय बदलू नये, शेजारी बसून सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. शासनाची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि मराठीत बोलता येते.

उपवासाबद्दल दोन शब्द

नवरात्र, रमजान, पर्युषण, वर्षावास यांच्या सुमारास दवाखान्यात एकच प्रश्न येतो: ‘डायबेटिस आहे, उपास करू का?’ सरसकट हो किंवा नाही असे उत्तर नसते. केवळ मेटफॉर्मिनवर असलेल्या आणि साखर ताब्यात असलेल्या माणसाला बहुधा जमते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याची साखर उपाशीपोटी एकदम खाली जाऊ शकते, म्हणून त्यांचे डोस आणि वेळा बदलाव्या लागतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, गरोदर मातांनी आणि ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे त्यांनी उपास टाळावा. आजारी माणसाला रोज्यातून सवलत कुराणातच दिलेली आहे. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक धर्मगुरू मानतात. नवरात्रात साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि शेंगदाण्याचा लाडू खाऊन ‘मी तर उपाशीच आहे’ म्हणणाऱ्यांची साखर तीनशेवर गेलेली मी दरवर्षी पाहतो. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट होय. त्याऐवजी भगर बेताने, सोबत ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे घ्यावेत.

उपास चालू असताना हातपाय थरथरले, दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा साखर ७० च्या खाली दिसली, तर त्याच क्षणी तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर ३०० च्या वर गेली तरी उपास सोडून डॉक्टरांना दाखवावे. सणाची तारीख कॅलेंडरवर दिसते, तेव्हा निदान महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. ‘ती पांढरी छोटी गोळी’ एवढ्यावरून आम्हाला औषध ओळखता येत नाही.